दाराबाहेरचा भाला

केरुलेन नदीकाठ,
सशाचं वर्ष, शरदाचा पहिला महिना, दिवस तिसरा

चि. खुरिदाय यास अ. उ. आ.

तुझ्या विजयाची बातमी पोचली. इकडे घोडीचं दूध यंदा भरपूर आहे. तू नाहीस म्हणून पुरतंय.

आईनं अंथरूण धरलंय. काल तिच्या तंबूबाहेर काळा नमदा, जाड लोकरीचं कापड, गुंडाळलेला भाला रोवला. म्हणजे आता आशा नाही. शेवटच्या घडीला जो आत असेल, त्याला वर्षभर खानाच्या छावणीत पाऊल टाकता येणार नाही. आई म्हणते, त्याला कळव, इकडे वळू नकोस, सरळ खानाच्या सभेला जा. तू तिथे नसलास तर बेल्गुदार तुझी दहा हजारांची फौज मागून घेईल आणि पुन्हा दक्षिणेच्या दलदलीत नेईल. आपला चुलतभाऊ आहे, पण माणसाची किंमत त्याला कधी कळली? गेल्या खेपेला तापानं किती जण गेले, ते तूच कळवलं होतंस.

आईचं ऐक.

तुझी ताई,
अल्ताग

•

फौजेच्या छावणीतून, दिवस नववा

ती. ताईस सा. न. वि. वि.

लेखनिकाला बाहेर घालवून स्वतः लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

वडील गेले तेव्हा मी एका किल्ल्याला वेढा घालून बसलो होतो. किल्ला पडला. त्याचं नावही आता आठवत नाही. ताई, या वेळी मी आईकडेच येणार.

पण फौजेलाही वाऱ्यावर सोडता येत नाही. तूही खानाची नात. सभेत तुझीही जागा आहे, आणि जीभ माझ्यापेक्षा धारदार. भाल्याच्या आतून तू वेळेत बाहेर पड आणि माझ्या माणसांसाठी बोल. मी तुझ्याकडे काय मागतोय, ते मला कळतं. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही.

तुझा,
खुरिदाय

•

केरुलेन, दिवस सतरावा

चि. खुरिदाय यास आशीर्वाद.

लहानपणी माझ्या वाट्याची साय खायचास. आता आईही माझ्या वाट्याची मागतोस. दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा स्वार माझ्यासमोर यायला घाबरत होता.

निघतेय. आईला काही सांगितलं नाही. घोड्या बघून येते म्हणाले. दूध कोमट दे. डाव्या टाचेला जखम आहे, तिथे लोकरीची घडी ठेव. तिच्याशी मोठ्यानं बोल, पण सैनिकांवर ओरडतोस तसं नको.

लवकर पोच. तिच्याजवळ कुणी नाही असं व्हायला नको.

अल्ताग

•

केरुलेन, दुसरा महिना, दिवस सहावा

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. फौज ना बेल्गुदारला, ना मला. हिवाळाभर सगळे आपापल्या घरी. सेनापती म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तू भांडलीस म्हणून किती तंबूंत माणसं परत येतील.

परवा पहाटे आटोपलं. आता रिवाजाप्रमाणे आपण कुणी तिचं नाव घ्यायचं नाही. वर्षभर मी इथेच आहे, जनावरं राखत. खानाच्या छावणीत येऊन तुला भेटता येणार नाही.

एक सांगायचं राहिलं. शेवटचे तीन दिवस तिला दिसत नव्हतं. मी आलोय हे दहादा सांगितलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. टाचेखाली घडी सरकवली की ती म्हणायची, अल्ताग, हात किती गार गं तुझे.

मी ओ देत राहिलो.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
खुरिदाय