अर्धा तास दोन सेकंदांत

सोमवार, संध्याकाळ. दिग्रस.

विसरायच्या आत लिहून टाकते. उद्यापासून जिनिंग कारखान्यात कापसाची खरेदी सुरू, आणि गेटवर शेतकऱ्यांच्या गाड्यांना नंबर देणार मी लिहिलेला जावा प्रोग्राम. बोलावलेली गाडी अर्ध्या तासात आली नाही, तर नंबर पुढच्या गाडीला. हे तपासायचं म्हणजे दर वेळी अर्धा तास बसून राहा. म्हणून एका गाडीपलीकडे कधी तपासलंच नव्हतं. कोण बसणार?

आज कळलं, चाचणी चालते तेवढ्यापुरती सेटिंग बदलून देता येते. मूळ फाइलीत अर्धा तास तसाच राहतो. चाचणीच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली: थांबायची वेळ दोन सेकंद. मग हावरटासारख्या एकामागून एक तीन गाड्या गैरहजर ठेवल्या. आणि चूक सापडली! पहिली गाडी बाद झाली की दुसरीही लगेच बाद. तिचा अर्धा तास पहिलीला बोलावल्यापासूनच मोजला जात होता. इतके दिवस हे माझ्यासमोर होतं?

दुरुस्त केलं. सगळ्या चाचण्या पास! लगेच मॅनेजर शंकरभाऊंना फोन केला.

"ताई, आता कायले हात लावून राह्यल्या? चांगलं चालू होतं ना!"

"नव्हतं, भाऊ. दुसऱ्या गाडीचा नंबर आपोआप गेला असता."

मग म्हणाले, "म्हणजे त्या ट्रॅक्टरवाल्यानं मलेच धरलं असतं. गेटवर मी राह्यतो, तुम्ही नाही."

हसू आलं, पण खरं आहे. उद्या गेट उघडताना मीही त्यांच्या शेजारी उभी राहणार.