फळी उघडी ठेवावी का

ता. ४ सप्टेंबर

ति. मावशी आणि ति. काका यांना,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, तुझं पत्र मिळालं. अक्षर खूप सुधारलंय. फक्त तुझा ळ अजून पोट फुगल्यासारखा दिसतो. मी सहावीत होते तेव्हा तुला चुलीपुढे बसवून कोळशाने जमिनीवर गिरवायला लावायचे, त्याची आठवण झाली. तेव्हाही तू ळ आला की उठून पाणी भरायला जायचीस.

मी नक्की कसली नोकरी करते, असं काकांनी विचारलंय. सांगते. टेकडीच्या उतारावर घरं बांधतायत, साठेक असतील. त्यासाठी सगळा उतार सोलून काढलाय, गवताचं पातंसुद्धा उरलेलं नाही. खाली ओढा आहे, तोच जो वळसे घेत तुमच्या तळ्यांपाशी येतो. पाऊस पडला की सुटी माती धावत सुटणार. ती ओढ्यात जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. ओढ्याच्या कडेने खुंट्या ठोकून काळं कापड ताणलंय आणि त्याची खालची कड चर खणून पुरलीय. पाणी झिरपतं, माती अडते. वरच्या बाजूला मोठा खड्डा आहे, गढूळ पाणी आधी तिथे थांबून निवळतं. रोज सकाळी मी ओढ्याचं पाणी बाटलीत घेते, यंत्रात घालून किती गढूळ आहे ते बघते, लिहिते आणि सही करते.

माणसं चांगली आहेत. इंजिनिअर सतत हसतात, म्हणून सगळे त्यांना हसरे साहेब म्हणतात. मुकादम मला मॅडम म्हणतो. मी काहीही सांगितलं की दोघेही म्हणतात, बरोबर आहे. घरी मला इतक्या वेळा कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. मावशी, तू तर नाहीच.

रात्री झोप मात्र लागत नाही. आभाळ भरून आलं की उठून कापड बघून येते. पत्रानेच कळवते, कारण तुमच्या त्या घळीत फोन लागत नाही आणि लागला तरी काकांना ऐकू येत नाही. माशांची पिल्लं आणली का ते कळवा. प्रकृतीला जपा, आणि मी लांब आहे म्हणून माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मास्तरीण

ता. ११ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना मी एक ओळ गाळली तर लगेच पकडलं. कान गेलेत म्हणायचं आणि चूक मात्र ऐकू येते. आमच्या घराण्यात पाटीला हात लावलेली तू पहिली. त्यामुळे तुझं पत्र आलं की ते आधी हात धुऊन बसतात. माझ्या ळ बद्दल तू लिहिलंस तेही मला मोठ्याने वाचावं लागलं. ठीक आहे, बघून घेईन.

पिल्लं आणली. सुईएवढी आहेत. ती धाकट्या तळ्यात सोडलीत आणि मागच्या वर्षीची थोडी मोठ्या तळ्यात आहेत. या वर्षी सगळा जीव त्या पिल्लांतच आहे. दुसरं काही आम्ही केलेलं नाही.

आता काळजीचं. वर टेकडी सोलल्याचं कळल्यापासून काकांनी ओढ्यातून तळ्यांत येणाऱ्या पाटाची फळी पाडून ठेवली आहे. ओढ्याचा थेंब आत येत नाही. पण साठलेलं पाणी जड व्हायला लागलंय. सकाळी पिल्लं वर येऊन तोंड वासतात. चौकातला सायकलवाला म्हणाला की उघडा आता फळी, नाहीतर घुसमटतील. पण त्याचं कोण ऐकणार. मागे मासेवाल्याचा टेम्पो आलाय म्हणून सांगून त्याने काकांना भर उन्हात चौकापर्यंत चालवलं होतं आणि टेम्पोबिम्पो काही नव्हता. तेव्हापासून तो दोन आणि दोन चार म्हणाला तरी हे मोजून बघतात.

काका म्हणतात की पोरगी वर बसली आहे, तिच्याकडे यंत्र आहे, तिने लिहावं. तोंडचं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं जागेवर राहतं. तेव्हा फळी उघडायची की नाही ते कळव. लवकर कळव.

जेवत जा. तू जेवत नाहीस हे तुझ्या अक्षरावरून कळतं, बारीक झालंय. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे, तो सांभाळ.

तुझी,
मावशी

ता. १८ सप्टेंबर

ति. मावशी आणि ति. काका यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यापासून रोज सकाळी दोन दोन बाटल्या तपासल्या. कापड सगळीकडे नीट आहे, मी स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. मधे एक सर येऊन गेली, तरी ओढा नितळच राहिला. महिनाअखेरपर्यंत ओढ्याजवळ खोदकाम नाही, असं हसरे साहेबांनी सांगितलंय.

फळी उघडा. पाणी स्वच्छ आहे.

पिल्लांना घुसमटू देऊ नका. बाकी मी बरी आहे. इथल्या खानावळीतली बाई मला पाणीवाली म्हणते आणि प्यायचं पाणी ठेवताना विचारते की तपासून घेणार का. मावशी, ती अगदी तुझ्यासारखी आहे, चिमटा काढते आणि वर आणखी वाढते.

तुमचा हात डोक्यावर आहे म्हणून इथे उभी आहे, तो तसाच राहू द्या.

तुमची,
मास्तरीण

ता. २३ सप्टेंबर

ति. मावशी आणि ति. काका यांना,
शि. सा. न. वि. वि.

फळी पाडली ना? हे पत्र पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल हे कळतंय, तरी लिहिते. दुसरं काय करू ते सुचत नाही.

पुढच्या महिन्यात येणारे मोठे पाइप काल सकाळीच आले. ट्रक उभा करायला जागा नाही, म्हणून ते लगेच पुरायचे ठरले. खोदायचं मशीन ओढ्यापाशी उतरवायला वाट हवी होती. मी बाटली घेऊन पोहोचले तोवर मधल्या खुंट्या उपटून कापड गुंडाळून ठेवलेलं होतं. मी मुकादमाला म्हटलं की आभाळ बघा, आधी कापड लावा. तो म्हणाला, बरोबर आहे मॅडम, संध्याकाळी लावतो. हसरे साहेबांकडे धावले. तेही म्हणाले की तुमचं बरोबर आहे, तुम्ही रिपोर्टमध्ये लिहा. मी मशीनवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा वर चढला. मला लिहायचा अधिकार आहे, थांबवायचा नाही.

दुपारी पाऊस कोसळला. त्या मोकळ्या जागेतून माती अशी गेली की ओढ्याचा आवाजच बदलला. मी आणि दोन मजूर मिळून कापड धरायला गेलो, पण ते आमच्या हातातच फाटलं.

चौकात फोन लागतो, म्हणून मी लगेच तिथल्या सायकलवाल्याला फोन केला. आत्ताच्या आत्ता जा, काकांना म्हणावं फळी पाडा, गाळ येतोय. तो दुकान उघडं टाकून निघाला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. तो पोहोचला असेल. पाणी तुमच्याकडे यायला वेळ लागतो, त्याच्या आत तो पोहोचला असेल.

उलट टपाली एक ओळ लिहा. माझ्यावर लोभ ठेवा, असं आज लिहवत नाही.

मास्तरीण

ता. २५ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अठरा तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी काकांनी फळी उघडली. पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून अशी नाचली की हे काठावर बसून जेवले. त्यानंतरचं तुझं पत्र अजून नाही.

तेरवा पावसात सायकलवाला आला. नखशिखांत भिजलेला, चिखलाने माखलेला. म्हणाला फळी पाडा, वरून गाळ येतोय, मास्तरणीचा फोन होता. काका हसले. म्हणाले, आज टेम्पो नाही का आणलास. तो बिचारा गयावया करायला लागला. तेव्हा काकांनी तुझं पत्र काढलं आणि मला त्याच्यासमोर वाचायला लावलं. फळी उघडा, पाणी स्वच्छ आहे. मग त्यांनी त्याला विचारलं की तुझ्याकडे काही लिहून आलंय का. त्याच्याकडे काय असणार. तो फळीकडे स्वतः निघाला तर यांनी त्याचा हात धरला.

थोड्या वेळाने पाट लाल झाला. मी म्हटलं, अहो बघा तरी. ते म्हणाले की पावसात थोडी माती येतेच. आपण नुसत्या डोळ्यांनी बघतो, ती यंत्राने बघते. आणि मीही गप्प बसले बाई. पत्र मीच वाचलं होतं ना. अक्षर तुझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटं तळं पांढरं दिसलं. सगळी पिल्लं पोटं वर करून. मोठ्या तळ्यातली थोडी जगली आहेत. काका टोपलीने पिल्लं काढत होते आणि प्रत्येक टोपली थोडा वेळ पाण्यातच धरून ठेवत होते, एखादं हललं तर बघायला. सायकलवाला आला आणि दुसरी टोपली घेऊन उतरला.

तुझ्यावर त्यांचा जराही राग नाही. ते म्हणतात पत्र चुकायचं नाही, आपलंच काहीतरी चुकलं. फळी किती बोटं उघडायची ते तू लिहिलं नव्हतंस आणि आपण विचारलं नाही. त्यांनी चार बोटं उघडली होती. ते फार झालं का, असं विचारतात.

कळव. आणि रडत बसू नकोस, इथे तेवढं पाणी पुरे आहे.

तुझी,
मावशी

ता. १ ऑक्टोबर

ति. मावशी आणि ति. काका यांना,
शि. सा. न. वि. वि.

काका, बोटांचं काही नाही. चार बोटं काय आणि एक काय. तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे मावशीकडून दोनदा वाचून घ्या.

अठरा तारखेचं पत्र मी आधी दोन पानं लिहिलं होतं. त्यात होतं की आज सकाळपर्यंत पाणी स्वच्छ आहे, पण पाऊस आला तर बघा, पण कापड हललं तर सांगता येत नाही, पण उद्याचं मला माहीत नाही. मग वाटलं, मावशी लांब वाक्यांत अडकते, काका कंटाळतात, सोपं लिहावं. म्हणून सगळे पण काढून टाकले. मी इतकी वर्षं शिकले ती ते पण लिहायला, आणि तुमच्यासाठी नेमके तेच गाळले.

इथे नवं कापड लावलंय. माझा रिपोर्ट वर गेला, पोहोचल्याचं उत्तर आलं. काम थांबवायचा अधिकार मला द्या, असं मी हसरे साहेबांना म्हटलं. ते पहिल्यांदाच हसले नाहीत. म्हणाले बरोबर आहे, पण तो माझ्याकडेही नाही. तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा ओढा पाहिलेला नाही. ते दुसऱ्या शहरात बसतात आणि भली माणसं आहेत म्हणे. नोकरी सोडावी असं रोज वाटतं. पण मग सकाळची बाटली कोण भरेल?

म्हणून आता नीट लिहिते. यापुढे माझ्या पत्रावर जाऊ नका. मी सकाळी बघते ते तुमच्या हातात पडेपर्यंत शिळं झालेलं असतं. तुम्ही स्वतः पाणी बघा आणि ठरवा. पण हेही पूर्ण खरं नाही. पुढच्या आठवड्यापासून पाये भरणार आहेत. सिमेंटचं यंत्र धुतलेलं पाणी ओढ्यात गेलं तर ते नितळ दिसू शकतं आणि तरी माशांचे कल्ले जाळतं. ते पाणी ओढ्यात जाऊ देणार नाही, असं मुकादमाने कबूल केलंय. त्याने कबूल केलंय एवढंच मला माहीत आहे.

सायकलवाल्याला माझा नमस्कार सांगा. मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण तुम्ही ती आधीच करून बसला आहात, आणि तेच सहन होत नाही.

तुमची,
मास्तरीण

ता. ८ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकही पण न गाळता वाचून दाखवलं. लांब वाक्यांत मी अडकते हे खरं, पण अडकले तरी सुटते. पुढच्या वेळी लांबच लिही.

माझ्या पत्रावर जाऊ नका, ही ओळ काकांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावली.  शेवटी म्हणाले की पोरीने लिहून पाठवलंय तेव्हा पाळलंच पाहिजे, पण मग हे पत्र तरी धरायचं की नाही. मी पत्राची घडी घातली. सायकलवाला बसला होता, त्याने आभाळाकडे बघितलं. आता तो रोज येतो आणि काका त्याला रोज विचारतात की फोन आला का.

मोठ्या तळ्यात उरलेली आहेत ती सकाळी वर येऊन तोंड वासतात. फळी पाडलेलीच आहे, त्यामुळे पाणी पुन्हा जड झालंय. काल काका फळीपाशी जाऊन उभे राहिले. पाट अगदी नितळ होता, तळचे गोटे दिसत होते. पूर्वी असं पाणी बघून त्यांनी दुसरा विचार केला नसता. काल ते वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि सोडून दिलं. मग मला हाक मारून विचारलं की पत्र आलंय का. मी नाही म्हटलं. त्यांनी फळी दोन बोटं उचलली, जरा थांबले आणि एक बोट खाली केली.

तुझं पत्र येईपर्यंत ती एका बोटावर ठेवली आहे. एक बोट बरोबर आहे का, तेवढं लिही.

तुझी,
मावशी