बागेतली बारी

२६ एप्रिल, रविवार

हे आजही नाही बोलले. डॉक्टरांनी सांगितलेले मौनाचे पंधरा दिवस गुरुवारीच संपले. घशातली गाठ काढली, रिपोर्ट चांगला आला, साधीच गाठ होती. आता रोज थोडं थोडं, हळू आवाजात बोला म्हणालेत. फक्त ओरडायचं नाही. कुजबुजायचंही नाही, तेही म्हणे घशाला वाईट. बरं बाबा. पण बोला असं तर म्हणालेत ना? सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हटलं, "अहो, साखर बरोबर आहे का तेवढं तरी तोंडानं सांगा." ह्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'बरोबर.' असा संताप आला की पदरानं पाटीच पुसून टाकली.

तीस वर्षं ह्या माणसानं घाटाघाटांत, म्हणजे गावोगावच्या शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, माईकवरनं बैलगाडा शर्यती पुकारल्या. जुन्नर म्हणू नका, आंबेगाव म्हणू नका. माझं माहेर पिंपरी पेंढार. लग्नाआधी मी ह्यांना बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. यात्रेत, कर्ण्यातनं. आई म्हणाली होती, गळा चांगलाय, माणूसबी बरा असंल.

माणूस बराच निघाला. पण आता गप्प बसलाय.

२८ एप्रिल, मंगळ.

दुपारी फोन. आंबेगावकडच्या एका गावचे पंच. "वहिनी, अण्णांना द्या की जरा. यात्रा आली तोंडावर. आमच्या घाटात दुसरा माईकवर बसला तर लोक हसतील, राव."

मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणालेत.

"थोडंसं बी न्हाई? निस्ती फायनल पुकारली तरी चालंल."

नाही म्हणजे नाही, असं बोलून ठेवला. हे ओट्यावर पाठमोरे बसले होते. काही सांगितलं नाही त्यांना. ह्या महिन्यातला हा तिसरा फोन. तिन्ही वेळा मीच नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा गिळून टाकलं. सांगितलं तर हे पाटीवर 'जातो' लिहितील ही भीती. आणि गेले तर गाठ परत येईल, मग डॉक्टर म्हणतात आवाजाची खात्री नाही.

नवऱ्याच्या नावानं परस्पर निरोप द्यायचे म्हणजे बरं नव्हे. कळतं मला.

१ मे

तन्वी आली. लेकीने, वर्षाने, चाकणहून आणून सोडली आणि उभ्याउभ्याच परत गेली, उद्या कंपनीत पहिली पाळी. नात सहा वर्षांची, तोंड साठ वर्षांचं. आल्याआल्या आजोबांची पाटी बघून खूश. मग थोड्या वेळानं मला आत येऊन विचारते, "आजी, आजोबा मुके झाले?"

म्हटलं, नाही गं, घसा दुखतो त्यांचा.

"मग रडत का नाहीत?"

काय सांगू हिला.

२ मे, शनिवार

ललिताभाभी माझ्या शिलाईच्या दुकानावर आल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं साडीचं दुकान. त्यांच्या आजोबांचे आजोबा कधी राजस्थानातनं आले असतील ते असोत, भाभी बोलतात आमच्यासारख्याच. मे महिन्यात दर रविवारी नगरपरिषदेच्या बागेत मुलांचा आणि घरच्यांचा कार्यक्रम करायचा असं त्यांनी मनावर घेतलंय. चित्रं, माती, गाणी, खेळ. अट एकच: मुलाबरोबर घरातलं मोठं माणूस आलंच पाहिजे, आणि त्यानंही हात काळे करायचे. नुसतं बाकावर बसून मोबाईल बघायचा नाही.

पाच ते पावणेसात. सातच्या आत सगळं आटपायचं, वस्तीवरच्या लोकांना उसाकडेनं घरी जायचं असतं. बिबट्या काही कार्यक्रमपत्रिका वाचून येत नाही.

मला म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्याकडं चिंध्या पोत्यानं पडल्यात. पोरांना काहीतरी शिवायला शिकवा."

तीस वर्षं ब्लाऊज शिवते. एक पोतं कुठलं, तीन पोती आहेत. हो म्हटलं.

३ मे, रविवार

पहिला कार्यक्रम. हे यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तन्वीला मोठं माणूस लागतं, आणि मी शिकवायला आहे, तेव्हा तुम्ही उठा. उठले. टोपी घातली, पाटी काखेत.

वीस-बावीस मुलं असतील, तेवढेच आजी-आजोबा. कारंजं बंदच आहे, त्याच्या कट्ट्यावर सतरंज्या. मी बाहुल्या शिकवायच्या ठरवून गेले होते. पण कारट्यांना बाहुली नको. एकजण म्हणाला बैल. मग सगळेच बैल. झालं! खणाचे बैल, सॅटीनचे बैल, एक तर जरीच्या काठाचा. शिंगं झाडूच्या काड्यांची. अर्ध्या बैलांचं तोंड उंदरासारखं झालंय, पण सांगायची सोय नाही.

ह्यांनी तन्वीचा बैल हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि खांद्याशी अजून चिंधी भरली. वशिंड. मग शेजारच्या मुलानं आपला पुढे केला. मग रांग लागली. तासभर हा माणूस नुसती वशिंडं भरत होता. शब्द नाही, पण चेहरा महिनाभरात पहिल्यांदा मोकळा.

घरी येताना तन्वीनं ह्यांचं बोट धरलेलं आणि मागनं मी दोन पोती घेऊन. मला कुणी बोट धरू देईना.

७ मे, गुरु.

हे सकाळपासून ओट्यावर. औषधांची रिकामी खोकी, बाटल्यांची झाकणं, सायकलची तार. बैलांना चाकाचे गाडे करतायत. पाटीवर लिहिलं, 'रविवारी शर्यत.' भाभींना परस्पर चिठ्ठी पाठवून कळवलंसुद्धा! मला शेवटी.

पाचशे वेळा सांगितलं, तुम्ही पुकारायचं नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात, 'कळतं.'

तरी विचारलं, मग घरात का बोलत नाही? हळू बोललं तर चालतंय ना?

पाटी घेतली, खडू टेकवला, आणि काही लिहिलंच नाही. खाली ठेवून दिली.

घाबरलाय माझा माणूस. तोंड उघडलं आणि दुसऱ्याच कुणाचा आवाज निघाला तर, हे भय. मला आज उमगलं. इतके दिवस हट्ट समजून चिडत होते.

१० मे, रविवार

आजचं आजच लिहिते.

बागेतल्या फरशीच्या वाटेवर चुन्यानं दोन रेघा मारल्या. एका टोकाला नातवंडं गाडा धरून, दुसऱ्या टोकाला आजी-आजोबा. गाड्याला दोरी, दोरी लाटण्याला बांधलेली. निशाण पडलं की लाटणं गरागरा फिरवून दोरी गुंडाळायची, ज्याचा गाडा आधी येईल तो पहिला. सगळ्या बाया घरनं लाटणी घेऊन आलेल्या. बाहेरनं बघणाऱ्याला वाटलं असतं भांडण आहे.

माईकवर भाभींचे दीर, सुरेशभाऊ. भला माणूस, पण दिवसभर दुकानात क्रिकेट बघणारा. सुरू झाले, "और ये बहुत ही बढ़िया शुरुआत... गुलाबी बैल पुढे जात आहे... दबाव वाढत आहे..." हे माझ्या शेजारी उभे. मी बघतेय, ह्यांचं मान हलवणं चाललंय. दुसऱ्या बारीला, गाडे परत सुटले तेव्हा, सुरेशभाऊ म्हणाले, "काय सुंदर चेंडू, आपलं, बैल!" आणि ह्यांनी कपाळाला हात लावला.

फायनल. तन्वीचा खणाचा गाडा त्यात. लाटणं फिरवायला मी. म्हणजे मी ह्यांच्याजवळून पलीकडच्या टोकाला गेले. तिथंच चुकलं.

निशाण पडलं. मी खाली मान घालून फिरवतेय, आणि कर्ण्यातनं आलं:

"आली, आली, आली... सुटली जोडी... निशाणावर नजर ठेवा पावणं... उचलली... भिर्रर्रर्रर्र!"

मधे एकदा फाटला आवाज. मग लागला. तोच. माहेरच्या यात्रेत ऐकलेला.

आणि मग जे झालं ते आमच्याच लोकांना व्हावं. घाटात पुकारा झाला की वाटेतनं मागं सरायचं, नाहीतर बैल अंगावर येतात, हे हाडात भिनलेलं. तो आवाज ऐकला मात्र, दोन्ही बाजूंची सगळी माणसं मागं उडाली! आयांनी पोरं काखोटीला मारली. एक म्हातारबाबा तर बाकावर चढले. ललिताभाभी, जन्मात घाटात गेल्या नसतील, त्याही निऱ्या धरून झाडामागं. आणि मोकळ्या वाटेवरनं वीतभर उंचीचे चिंध्यांचे बैल येतायत. क्षणभर सगळे तसेच, मग एकमेकांकडं बघून जे हसायला लागले! म्हातारबाबांनी बाकावरनंच टोपी उडवली.

गाडा कुणाचा आला मला माहीत नाही. मी लाटणं टाकून धावले. ह्यांनी माईक सुरेशभाऊंच्या हातात दिला होता आणि दोन्ही हातांनी गळा धरून उभे होते. डोळ्यांत पाणी. हसतायत का रडतायत कळेना.

११ मे

आवाज नाही. सकाळी तोंड उघडून बघितलं त्यांनी, नुसती हवा. डॉक्टरांना फोन केला. एक शब्दही नको म्हणाले, गुरुवारी आणा.

भाभी आल्या, रडल्या, मी त्यांच्यावर ओरडले. सुरेशभाऊंवर ओरडले. तन्वीवर ओरडले, ती कोपऱ्यात जाऊन बसली. कुणावरच ओरडायचं नव्हतं. बागेत मीच नेलं होतं.

आणि खरं लिहायचं तर, ती भिर्रर्र ऐकली तेव्हा मला आनंद झाला होता. आधी आनंद, मग भीती. ह्याची लाज वाटते.

तन्वीला संध्याकाळी जवळ घेतलं. म्हणाली, "आजी, तू मुकी झालीस तर बरं होईल." झोडपायला हवी होती, पापा घेतला.

१४ मे, गुरुवार

नारायणगावला दवाखान्यात. नळी घालून बघितलं. सूज आहे, गाठ नाही. देवा! दोन-तीन दिवस जपा, मग हळूहळू बोला. ह्यांनी पाटीवर लिहून विचारलं, 'घाट?' डॉक्टर म्हणाले, "अण्णा, एखादी बारी पुकारून काही होणार नाही, कदाचित. दिवसभर पुकारलंत तर गाठ येईल, बहुतेक. मी बांधून नाही ठेवू शकत. तुमचं तुम्ही ठरवा."

असे डॉक्टर मला नको असतात. सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं की!

स्टँडवर जुन्नर गाडीची वाट बघत बसलो. गर्दी नव्हती. मला राहवलं नाही. सांगून टाकलं. यात्रेचे फोन आले होते, एक नाही तीन, कालचा धरून चार. मी तुम्हाला न विचारता नाही म्हटलं. तुम्ही रागवा, पाटीवर शिव्या लिहा, काय करायचं ते करा.

पाटी घेतलीच नाही. माझ्याकडं वळले आणि एकेक शब्द करून, अगदी हळू, जाडाभरडा आवाज:

"मंदे, आवाज गेला व्हता. कान न्हाई."

सगळे फोन ऐकले होते ह्या माणसानं. ओट्यावर पाठमोरं बसून.

"मग बोलला का नाहीत?"

"तू न्हाई म्हनत व्हतीस ते बरं व्हतं. मला भ्या वाटत व्हतं. माझ्यानं न्हाई म्हनवलं नसतं."

मी स्टँडवर, चारचौघांत, तोंडाला पदर लावून रडले. आवाज जपा म्हणाले होते डॉक्टर आणि ह्यांनी जपून ठेवलेलं सगळं एकदम माझ्यावर खर्च केलं. गाडी आली तेव्हा ह्यांनीच पिशवी उचलली.

१७ मे, रविवार

आज बागेत मातीचं काम. तन्वीनं आजोबांना पाचला बरोबर न्यायचं ठरवलंय, सुरेशभाऊंनी निरोप धाडलाय की माईक कपाटात आहे आणि किल्ली भाभींकडं. बागेतली पोरं ह्यांना आता भिर्रर्र आजोबा म्हणतात. रस्त्यात कुणी म्हटलं की हे टोपी नीट करतात.

साडेतीनला फोन वाजला. त्याच आंबेगावच्या पंचांचा. पुढच्या वर्षीच्या यात्रेचं आत्ताच ठरवायचंय म्हणाले. "वहिनी, अण्णांना विचारून सांगा."

माझ्या जिभेवर 'नाही' आलंच होतं. सवयच झालीय. गिळलं. म्हटलं, "विचारून कशाला, तेच बोलतील." आणि फोन ह्यांच्या हातात दिला. माझ्याकडं असं बघितलं, लग्नात अंतरपाट काढल्यावर बघितलं होतं त्याहून जास्त घाबरून. मी म्हटलं, हळू बोला, आणि आत आले.

ही वही घेऊन बसलेय ती कान तिकडं जाऊ नये म्हणून. हो म्हणाले तर माझा जीव जाईल. नाही म्हणाले तरी जाईल. बाहेरनं ह्यांचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. तन्वीला विचारायला पाठवणार नाही. मीही उठणार नाही.