पाच लंगडे मेंढे

१४ जानेवारी

आमच्या तीन मेंढ्या आज गुडघ्यांवर चरताना दिसल्या! बाबा म्हणाले, खडा रुतला असेल. तिघींनाही, एकाच दिवशी? एकीला बसवून खूर पाहिला. बेचक्यात लालभडक, टाचेकडून खूर सुटत आलेला, आणि तो वास — कॉलेजात एकदाच घेतला होता, विसरता येत नाही. खूर कुजतोय. हा रोग आपोआप उगवत नाही. कुणीतरी आजारी जनावर दरीत आणलं आहे.

पशुखात्याने मला सहायक म्हणून माझ्याच गावात पाठवलं याचा किती आनंद झाला होता. चौथ्याच महिन्यात हे!

१६ जानेवारी

घरोघर फिरले. सहा कळपांत रोग. सगळे ओढ्याच्या एकाच चिखलातून जातात, दुसरं काय होणार. नवीन जनावर कुणी आणलं, विचारलं की जो तो शेजारच्या घराकडे बोट दाखवतो. सीमेपलीकडून कागदाशिवाय जनावर आणायचं नाही, हे मी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं होतं. सर्वांत आधी बाबांना, म्हणजे घरच्यांना सोडलं असं कुणी म्हणायला नको.

फक्त बाबांच्या वयाच्या सेकाकेंनी, ज्यांना सगळे मानाने न्ताते म्हणतात, कुणाकडेच बोट दाखवलं नाही. मला तेच खटकलं. ब्लँकेट पांघरून मेंढवाड्याच्या दारात पाइप ओढत उभे होते. मी आत जायला निघाले तर काठी आडवी घातली.

"बायकांनी मेंढवाड्यात यायचं नसतं, न्याकालो. पदवी मिळाली म्हणून तू पुरुष झालीस का?"

बाकीच्या घरांनी आत घेतलं. कुरकुरत, पण घेतलं. भिंतीवरून डोकावले. मागच्या कोपऱ्यात पाच मेंढे, इतरांहून थोराड. दोन बसलेले, एक पाय उचलून धरलेला. म्हातारा चटकन मध्ये येऊन उभा राहिला.

१७ जानेवारी

त्यांनीच आणलाय रोग.

२० जानेवारी

ओढ्यापलीकडे पत्र्याचा उथळ हौद ठेवला, खूर बुडवायला झिंक सल्फेटचं पाणी भरलं. एकेक कळप पंधरा मिनिटं उभा करायचा, मग कोरड्या जागी न्यायचा. सगळे आले. सेकाके नाहीत.

संध्याकाळी बाबा तंबाखू घेऊन त्यांच्याकडेच गेले! रोज जातात. मी विचारलं, साऱ्या दरीत रोग पसरवणाऱ्याला तंबाखू कशाला? म्हणाले, "आम्ही एकाच वर्षी पुरुष होण्याच्या दीक्षेला डोंगरात होतो. तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस." झालं, विषय संपला.

२३ जानेवारी

झिंकचं पोतं हलकं झालंय. मी मोजून वापरते, चूक होणार नाही. कपाटाची किल्ली खिळ्याला असते. घरात आलं कोण? परवा सेकाकेंची सून मीठ मागायला आली होती. खरंच मीठ हवं होतं? तिच्या डब्यात मी नीट पाहिलं नाही.

कुठल्या थराला चालले आहे मी! पण पोतं हलकं झालंय हे खरं.

२८ जानेवारी

गावच्या प्रमुखबाईंनी सभा बोलावली. सेकाकेंना विचारलं, ते पाच मेंढे कुणाचे?

"माझ्या वाड्यात उभे आहेत ना?" एवढंच म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, गारांबरोबर पडले असतील. सगळे हसले. सेकाके नाही हसले.

दुसऱ्याची जनावरं सांभाळायला घेण्याची आमच्याकडे रीत आहे, तिला माफिसा म्हणतात. लोकर सांभाळणाऱ्याला मिळते, आणि धनी कोण ते त्याने सांगायचं नाही. प्रमुखबाईंनी तसं आहे का, तेही विचारलं. ते पाइप भरत राहिले. आयती पळवाट मिळूनही घेतली नाही म्हणजे मेंढे त्यांचेच!

मग मी उभी राहिले. जो कळप तपासू देत नाही त्याला गावाच्या कुरणात जागा नको, असं म्हणाले. कुरण बंद झालं की त्यांच्याकडे दुसरं गवत नाही, हे मला ठाऊक होतं. सगळा कळप खाटकाच्या ट्रकमध्ये जाणार. चाळीस मेंढरं, म्हाताऱ्याचं तेवढंच आहे. तरी बोलले. नाहीतर साऱ्या दरीचं जाईल.

प्रमुखबाई घुटमळल्या. तेव्हा बाबा उठले. सभेत ते कधी बोलत नाहीत.

"आमच्या घराण्यात शिकलेली ही पहिलीच. ती म्हणते ते बरोबर असेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सेकाकेंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. कुरण बंद ठरलं; ट्रक दोन तारखेला.

३० जानेवारी

बाबांनी मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि मोरोहोची पालेभाजी ताटात तशीच ठेवली. तीन दिवस हेच. त्या म्हाताऱ्याने काही करणी तर केली नसेल? — आणि मी म्हणे पदवीधर!

२ फेब्रुवारी

ट्रक आला. चढवण्याआधी प्रत्येक पाय मी तपासायचा, मेंढवाड्याबाहेर, त्यामुळे रीत आड येणार नव्हती. पाचांतल्या पहिल्या मेंढ्याचा खूर धरला. नीट तासलेला, झिंकने धुतलेला. माझ्या झिंकने. मान वळवायला कान पकडला. उजवा टोकाला दुभंगलेला, डाव्याला खालून अर्धचंद्र. कडा अजून भरल्या नाहीत. ही आमच्या घराची खूण; ती करताना कोकरं मीच धरायचे, लहानपणी, आमच्या अंगणात.

सेकाके माझ्या कानाशी म्हणाले, "कागद नव्हते गं. तुझा बाप प्रमुखबाईंना नाही घाबरला. तुला घाबरला."

ट्रक थांबवलाय. प्रमुखबाईंच्या दाराबाहेर बाकावर बसून लिहिते आहे, त्या येईपर्यंत. बाबांना बोलावणं धाडलं होतं. ते फाटकापर्यंत आले आहेत. आत येतात का, पाहते आहे.