एकेचाळिसावं रोप

४ सप्टेंबर
पोचलो एकदाचे! बारा वर्षं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कंत्राटावर या विद्यापीठातून त्या विद्यापीठात फिरले. आता तणशास्त्राची सहायक प्राध्यापक! वर्षभर उमेदवारी, मग कायम. क्वार्टरला दोन खोल्या, मागं अंगण, आणि खिडकीतून थेट प्रयोगाचा माळ दिसतो. बाबा जाम खूश आहेत. आयुष्यभर त्यांनी लोकांचे बगीचे राखले. तण दिसलं की त्यांचा हात आपोआप खाली जातो, मग ते कुणाच्या का कुंपणातलं असेना. आजही सामान उतरवायचं सोडून पायरीच्या फटीतलं गवत उपटत बसले. आई गेल्यापासून त्यांना मी आणि मला ते, एवढाच आमचा संसार.

७ सप्टेंबर
विभागप्रमुख बाईंनी काम समजावलं. औषध न फवारता माळ कसा राखायचा, यावर इथं तीस वर्षं प्रयोग चाललाय. काही प्लॉटमध्ये गवत कापतात, काहींत शेळ्या सोडतात. सात नंबरला मात्र कुणीच हात लावत नाही. तिथं मीटरभराची लाकडी चौकट आहे आणि आतल्या प्रत्येक रोपाशी पत्र्याचा बिल्ला. रोज सकाळी रोपं मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. मोजायचं, उपटायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. तणवाल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं!

वही चाळली. तीस वर्षं, रोज, एकेचाळीस. एक उगवलं नाही, एक मेलं नाही. असं कुठं असतं का? आधीचे लोक सावलीत बसून आकडे ठोकत असणार, दुसरं काय.

१२ सप्टेंबर
पाच दिवस स्वतः मोजलं. एकेचाळीसच. गंमत आहे बुवा.

चाळीस रोपं माझ्या ओळखीची. एकेचाळीस नंबरचं मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. वहीत आठ वर्षांपूर्वी त्याच्यापुढं पहिल्यांदा 'अनोळखी' असं लिहिलंय, आणि त्याच दिवसापासून अक्षर बदललंय. आधीचे प्राध्यापक तेव्हाच न सांगता नोकरी सोडून गेले, असं बाई म्हणाल्या. ही जात नवी निघाली तर माझी नोकरी पक्की. पण मूळ बघितल्याशिवाय ओळख पटायची नाही.

१५ सप्टेंबर
उपटलं. राहवलं नाही.

सहज निघालं. मुळं दोन, जाड, शेवटी फाटे फुटलेली. उजवीकडे पाच, डावीकडे चार. बाबांना दाखवलं, तर म्हणाले की एवढ्या वर्षांत पावलासारखं मूळ बघितलं नव्हतं. कागदात दाबून वाळवायला ठेवलंय. चौकटीत चाळीसच उरली, पण वहीत मी एकेचाळीस लिहिलं. एका रोपासाठी कोण चौकशा ओढवून घेणार? शाई वाळायच्या आत वही मिटून टाकली.

१८ सप्टेंबर
मोजले चाळीस, लिहिले एकेचाळीस. सलग चौथा दिवस.

बाबांचे पाय गार पडलेत. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मोजे घाला. बाबा मोजे काढून टाकतात आणि अंगणात अनवाणी उभे राहतात. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर म्हणाले की पायावर ओत. मी हसले. ते हसत नव्हते.

२० सप्टेंबर
दिवसभर उभेच. जेवण नको म्हणतात. घोट्यांना लागलेली माती धुऊन निघत नाही. ती आतून येतेय.

२१ सप्टेंबर
माळावरच्या म्हाताऱ्या मुकादमाला सगळं सांगितलं. त्यानं हातातला विळा खाली ठेवला. म्हणाला, आधीच्या प्राध्यापकांनीही एक रोप उपटलं होतं आणि वहीत जुनाच आकडा लिहिला होता. मग त्यांच्या मुलाचे पाय गार पडले. एके सकाळी मुलगा खडखडीत बरा झाला आणि प्राध्यापक कुठंच सापडले नाहीत. चौकटीत एक नवीन रोप होतं. लिहिलेला आकडा ती चौकट भरून घेते, घरच्या माणसाकडून, असं त्याचं म्हणणं. मी ओरडले त्याच्यावर. मूर्खपणा म्हणाले.

मग त्यानं सांगितलं की प्राध्यापकांच्या डाव्या पायाला चारच बोटं होती. एक गवत कापायच्या यंत्रात गेलं होतं.

तो कागद माझ्या टेबलावर आहे. मी त्यांना वजनाखाली दाबून ठेवलंय. अरे देवा, काय केलं मी हे!

२२ सप्टेंबर
वाळलेलं रोप परत लावलं. पडलं. वहीत खाडाखोड करून चाळीस लिहिलं, बाईंपुढं सगळं कबूल केलं. नोकरी जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे. बाई नुसत्या माझ्या बुटांकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी बाबांच्या नखांखालून पांढरे धागे. ओढले तर ते कळवळले.

२३ सप्टेंबर
गाडीत घालून दूर न्यायचं ठरवलं. पाय जमिनीवरून उचलेनात. मी आणि मुकादम, दोघांनी जोर लावला — रक्त नाही आलं. माती आली. बाबा म्हणाले, राहू दे पोरी, दमलीस. माझीच समजूत घालतात —

२४ सप्टेंबर, सकाळ
बाबा अंगणात नाहीत.

चौकटीत उभे आहेत. घोट्यापर्यंत आत. डोळे मिटलेले.

चूक माझी. आकडा माझ्या हातचा. बाबा का म्हणून —

बूट काढले. आत आलेय. माती कोमट आहे. रिकामा बिल्ला पायाशी.

त्यांचे पाय सुटले! एक, मग दुसरा. बाहेर पडले, बसले. पावलं गुलाबी झालीत. बाबा, वाचलात —

गुडघे जड. लिहिता येतंय अजून.

हाका मारतायत मला. इकडे बघत नाहीत. मी इथंच आहे, हातभर अंतरावर. ओ द्यायला तोंड उघडत नाही.

आता वळले. चौकटीकडे बघतायत. माझ्याकडे. ओळख नाही नजरेत, तण बघावं तशी —

वाकले. तो हात. सवयीनं —

बाबा, नका, उपटू न