गुरुवारची प्रॅक्टिस

माय,

माझ्या लेकीला कबड्डीची प्रॅक्टिस असते. इथे कुडव्यात आमच्या गल्लीत नवा डॉक्टर आलाय, त्याची प्रॅक्टिस म्हणे जोरात चालते. समोरच्या घरचा मुलगा वकील झाला, पण त्याची प्रॅक्टिस काही जमेना, म्हणून त्याची आई हवालदिल. जिकडे जावं तिकडे हाच शब्द. तो ऐकून कुणाला मैदान आठवत असेल, कुणाला दवाखाना. मला आपल्या मुर्रीच्या घरची ओसरी आठवते आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलेली तू.

हा शब्द तुला मीच दिला होता. सव्वीस जानेवारीच्या कवायतीची प्रॅक्टिस होती म्हणून मी शाळेतून उशिरा आले, आणि तू विचारलंस, "म्हंजे काय करता वं तुमी?" मी म्हणाले, खरं व्हायच्या आधी करून पाहायचं, चुकलं तरी चालतं. "बरं हाय," म्हणून तू तांदळातले खडे वेचत राहिलीस.

मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून तू आणि बाबा परत आलात. बाबा कुणाशी धड बोलेनात. तुझा आजार बरा होणारा नाही, हे मला तूच सांगितलंस, माझी वेणी घालता घालता. मी हमसून रडत होते आणि तू पेड घट्ट ओढत होतीस. शेवटी म्हणालीस, "आता दर गुरुवारी आपल्या घरी प्रॅक्टिस. त्या दिवशी मी नाईच, असं समजाचं."

गुरुवारी बाबांची राइस मिल बंद असायची. तू सकाळीच ओसरीत जाऊन बसायचीस. आत बाबा आणि मी, दोघंही सारखेच अडाणी. बाबा हळदीसाठी डबे उघडून उघडून थकायचे आणि मग सवयीने हाक मारायचे, "अवं, हरद कुठी हाय?" ओसरीतून आवाज यायचा, "मले काऊन विचारून राहिले? मी नाई ना!" शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि त्या तुझ्यावर बरसल्या की भरल्या घरात असं अभद्र बोलतात का. तू त्यांनाही सोडलं नाहीस. "चूप बस वं, मी गेल्यावर याईले तू रांधून देशील का?" काकू पदराने डोळे पुसत निघून गेल्या. मला त्या वेळी तुझा राग आला होता. इतकं कठोर कसं व्हावं माणसाने, असं वाटायचं.

एकदा लाखोरीच्या वरणात बाबांनीही मीठ टाकलं आणि मीही. ताट तुझ्यापुढे ठेवलं. तू शेवटच्या घासापर्यंत जेवलीस, वर तांब्याभर पाणी प्यालीस. शुक्रवारी सकाळी, प्रॅक्टिस संपल्यावर, हळूच विचारलंस, "काल मीठ दोघायनंबी टाकलं का?" बाबा किती हसले. तुझ्या आजारपणात ते तेवढेच हसलेले मला आठवतात.

तू गेलीस तेव्हा धान निसवायला आलं होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि बाबा व मी चुलीपुढे बसलो. काही चुकलं नाही गं. भात मोकळा झाला, हळद हाताशी होती, वरण अगदी तुझ्यासारखं. बाबांनी दोन ताटं वाढली आणि दाराकडे बघत राहिले. म्हणाले, "आता मीठ कसं झालं, कोनाले इचाराचं?" ते सगळे गुरुवार तू ओसरीत होतीस, माय. आम्ही तुझ्यासाठी रांधत होतो. तुझ्याशिवाय राहायची प्रॅक्टिस आम्ही एक दिवसही केली नव्हती. पण जेवलो. उपाशी राहिलो नाही, ते तुझ्यामुळेच.

पुढच्या महिन्यात माझी लेक शिकायला नागपूरला जाणार. तिला साधा भातही येत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून सांगते: तुझंच पाहून मीही काल तिला म्हणाले, आज मी नाही असं समज, आणि बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आई, जिरं कुठे आहे?"

मी पटकन सांगून टाकलं. एवढंच नाही, उठून डबा काढून दिला, आणि मग तिथेच तिच्याजवळ उभी राहिले.