ब्रेकला तेल

१२ डिसेंबर
आणि दादा परत तेच बोलला. म्हणं, तू तिकडं गांधीधामला ट्रक धुतो, मला ब्रेक शिकवू नको. धुतो! गेल्या महिन्यात दोन टायर मी काढले ते कुठं गेलं? वर्कशॉपात राहणाऱ्याला मेकॅनिकच म्हणतात. पण अजिनाथरावांचं जग फुलंब्रीच्या बाजारात सुरू होतं अन् तिथंच संपतं. मोठा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतो.
प्रॉब्लेम साधा आहे. थंडी पडल्यापासून ट्रॅक्टरचा ब्रेक किंचाळतो. वस्तीवरनं शेतात जायला नाल्याचा उतार, उतार संपतो तिथं वळण, वळणाला लागून विहीर. कठडा नाही. तिथंच ब्रेक दाबावा लागतो अन् तिथंच ओरडतो.
माय म्हणते, आबा आहेत. वडील जाऊन वर्ष झालं. लहानपणी आम्ही विहिरीकडं गेलो की बांधावरनं हेऽऽऽई करून ओरडायचे. म्हणं तोच आवाज.
अडाणी बाई. मी हसलो. फोन लवकर ठेवला.

१३ डिसेंबर, सकाळी
दादाला सांगितलं, फोन चालू ठेवून उतारावर ने. आवाज ऐकल्याशिवाय निदान होत नाही.
ऐकला.
इथं थंडी लई आहे. अंगावर काटा येतो. खारं वारं, दुसरं काही नाही.

१६ डिसेंबर
निदान झालं. दव. ब्रेक गारठतो. दादाला म्हणलो, ट्रॅक्टरवर गोधडी टाक. म्हणला, म्हशीला टाकायला गोधडी नाय, अन् ट्रॅक्टरला? शेवटी आबांची पडून होती ती टाकली.
सकाळी जास्तच ओरडला. माय म्हणली, वळखली त्यांनी.

१९ डिसेंबर
दादानं मला न विचारता बन्सी मिस्तरीला आणलं. बन्सी म्हणला, ब्रेकचे लायनर संपलेत, लोखंडावर लोखंड घासतंय. ओरडतोय तोवर बरंय, बदलून घ्या. मजुरीसकट साडेचार हजार.
कोणताही मिस्तरी लायनरच सांगतो. धंदा आहे त्यांचा.
दादा म्हणला, अर्धे तू पाठव. पाठवणारच. पगार झाला की पहिलं काम तेच. संक्रांतीला जाऊन स्वतःच्या हातानं बसवणार.

२२ डिसेंबर
गेटातून एक ट्रक आत आला, ब्रेक लागला, अन् मी हातातला पाण्याचा पाइप टाकून मागं बघितलं. शेठ म्हणला, क्या हुआ, किसने बुलाया?
कोणीच नाही.
हल्ली सगळ्याच ट्रकांचे ब्रेक बिघडलेत. मेंटेनन्स कोणी करत नाही.

२६ डिसेंबर
माय आता रोज पहाटे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चहाची कपबशी ठेवते. आधी त्यांना, मग घरच्यांना. ट्रॅक्टर खाली जाऊन ओरडेपर्यंत दारात गारठ्यात उभी राहते. छातीत कफ झालाय. दादा रडकुंडीला आला. म्हणला, किस्ना, लायनरचं मागून बघू, आधी हा आवाज बंद कर, नायतर माय जाईल.
आला ना शेवटी माझ्याकडंच!

२७ डिसेंबर
डोकं चाललं. आबा बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. चाक कितीही कुरकुरू दे, लगेच गप. जिथं किरकिर तिथं तेल. एवढी सोपी गोष्ट बन्सीला सुचली नाही.
दादाला म्हणलो, ब्रेकचं झाकण खोल अन् दोन्हीकडं आत तेल सोड. हात आखडू नको. म्हणला, बन्सीला विचारू का? मी म्हणलो, इथल्या हेड मेकॅनिकला विचारलंय, तो व्हय म्हणलाय. (हेड मेकॅनिक गावी गेलाय. पण म्हणलाच असता.)
मायनं मधीच फोन ओढला. म्हणली, त्यांचं तोंड दाबू नका रे.

२८ डिसेंबर
एकदम गप!
आज बाजार, म्हणून दादा शेतात गेला नाही, सपाटीनं फुलंब्रीला जाऊन आला. म्हणला, ब्रेक जरा उशिरानं लागतोय. तेल नवीन आहे, मुरू दे, म्हणलो. उद्या खताची ट्रॉली भरून उतारानं ने, बिनधास्त.
लायनरचे पैसे वाचले. भारीतले इअरफोन घेतले. आता ट्रक ऐकू येत नाहीत. येतात, पण लांबून.

२९ डिसेंबर, सकाळी
दादा फोन उचलत नाही. नाल्यात रेंज नसते.

संध्याकाळी
बन्सीचा फोन. उतारावर दादा ब्रेकवर उभा राहिला तरी चाकं घसरतच गेली. दादानं उडी टाकली. मांडीचं हाड मोडलंय, शहरात दवाखान्यात नेलाय. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत.
बन्सी म्हणला, लायनरला तेल लावायला कोणत्या गाढवानं सांगितलं?
मी म्हणलो, चौकशी करतो.

३० डिसेंबर
माय रडली नाही. फोनवर हळू बोलत होती. म्हणली, मी दारात कान देऊन उभी होते. पोरगा विहिरीकडं चालला अन् त्यांनी हाक नाय मारली. असं कधी झालं नव्हतं रे किस्ना.
मी म्हणलो, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

३१ डिसेंबर
निघणारच होतो. शेठ रजा देत नाही. विचारलं नाही, पण देणार नाही. दादाच्या पायात रॉड टाकायचाय, क्रेनवाल्याचे पैसे वेगळे. इअरफोन परत करायला गेलो. दुकानदार म्हणला, कानात घातलेला माल कोण घेतं?
काढून खिशात ठेवले. दिवसभर गेटाजवळ थांबलो. ट्रक येत होते, ब्रेक लागत होते. एकही ओरडला नाही.
आकडा दोनदा खोडला. दादाच्या नंबरवर पाठवतोय, सातशे रुपये.